‘किती छान बोलता!’

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी जपानी शिकायला बसले, तेव्हा माझ्या दवाखान्यातील कंपाउंडरने मला विचारले होते, “मॅडम, आता कोणती परीक्षा राहिली?” परीक्षा राहिली नव्हती. लेक आणि जावई नोकरीनिमित्त जपानमध्ये स्थिरावले होते आणि उद्या नातवंड झाले तर तेथील शेजारणीशी दोन शब्द तरी बोलता यावेत, एवढाच माफक हेतू होता. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांतून कितीतरी पिढ्या बाहेर पडल्या. मीही आठवड्यातून दोन संध्याकाळी दवाखाना लवकर बंद करून एका वर्गात, माझ्या मुलीहून लहान मुलामुलींच्या रांगेत बसू लागले. जपानीच्या प्रमाणित परीक्षेच्या पाच पातळ्या असतात, पाचवी सर्वांत खालची. तीन वर्षांत मी खालून दुसरीपर्यंत पोहोचले आणि तेथेच थांबले.

मराठी माणसाला जपानीची वाक्यरचना फारशी परकी वाटत नाही. क्रियापद शेवटी येते, विभक्तीचे काम करणारे प्रत्यय नामाच्या मागून येतात, आणि आपण वाक्याच्या शेवटी समोरच्याची संमती मागत जसा ‘ना’ लावतो, तसा ते ‘ने’ लावतात. “छान आहे ना?” “इइ देस ने.” या साम्यावर मी इतकी खूश होते की, माझे जपानी ऐकून जपानी माणसाला काय वाटेल, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

तो करण्याची वेळ २०२४ च्या जूनमध्ये आली. लेकीचे दिवस भरत आले होते. शिझुओका प्रांतातील हामामात्सु हे पियानो आणि मोटारसायकली बनवणारे गाव. तेथे मी पावसाळ्याच्या तोंडावर उतरले. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेले आणि घोकून ठेवलेले वाक्य म्हटले, “हे कितीला?” गल्ल्यावरच्या तरुणाने दचकून माझ्याकडे पाहिले, चेहऱ्यासमोर हात पंख्यासारखा हलवला आणि म्हणाला, “नो इंग्लिश, सॉरी.” मी जपानीतच विचारले होते. पुन्हा विचारले. त्याने गणकयंत्रावर आकडा दाबून माझ्यासमोर धरला.

मला प्रथम माझ्या उच्चारांचीच शंका आली. परंतु त्याच दुपारी बसथांब्यावर एका वयस्कर बाईंना मी म्हटले, “आज पाऊस आहे ना.” यापलीकडे काही नाही, पाच-सहा वर्षांच्या मुलाला येईल एवढे वाक्य. त्या हरखून गेल्या. “निहोंगो, ओजोझु देस ने!” म्हणजे, तुमची जपानी किती छान आहे! मी दिवसभर त्या प्रशस्तिपत्राच्या धुंदीत होते. रात्री लेकीला सांगितले, तर ती हसली.

“आई, ‘कोन्निचिवा’ म्हटलं तरी ओजोझु म्हणतात. ती पहिली पायरी. जरा बरं बोलायला लागलीस की विचारतात, जपानमध्ये किती वर्षं झाली? आणि खरंच छान बोललीस ना, की कोणी काहीच म्हणत नाही. मी आठ वर्षं त्या दिवसाची वाट बघते आहे.”

तिच्या स्वरात थोडी थकावट होती आणि ती गर्भारपणाची नव्हती. ती सर्वांत वरची पातळी उत्तीर्ण झालेली आहे, कार्यालयात जपानीतून सादरीकरणे करते. तरीही नवा माणूस भेटला की पहिली पाच मिनिटे तिच्या बोलण्यातील मजकुरापेक्षा ती बोलते आहे याचेच नवल होते. नवल करणारे दुष्ट नसतात, हे तिला ठाऊक आहे. उलट बहुतेक वेळा ते मनापासून आनंदलेले असतात. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये परकीय रहिवासी सुमारे ३७ लाख होते. बारा कोटींहून अधिक लोकसंख्येत हे प्रमाण जेमतेम तीन टक्के. ज्याने आयुष्यात परदेशी माणसाच्या तोंडून आपली भाषा क्वचितच ऐकली, त्याला ती ऐकून गोड धक्का बसणार, हे स्वाभाविक आहे. गल्ल्यावरच्या मुलाची गोष्ट थोडी वेगळी. शाळेत वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही बोलता न येण्याची लाज अनेकांच्या मनात असते. परदेशी चेहरा दिसला की ती आधी जागी होते आणि मग कानावर पडलेले जपानीही इंग्रजीच वाटते.

यात वैद्यकाला रस वाटावा असे काहीतरी आहे. आपण केवळ कानाने ऐकत नाही. डोनाल्ड रुबिन या अमेरिकन संशोधकाचा १९९२ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना एकाच आवाजातील इंग्रजी व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण ऐकवले. काहींना सोबत गौरवर्णीय स्त्रीचे छायाचित्र दाखवले, काहींना आशियाई स्त्रीचे. आवाज तोच, शब्द तेच. तरीही आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना उच्चार परकीय वाटले आणि मजकूरही कमी समजला. डोळ्यांनी आधीच निकाल दिला होता. मी हे वाचले होते खूप पूर्वी. दूध विकत घेताना ते माझ्यावरच घडेल असे वाटले नव्हते.

याची दुसरी बाजू लेकीच्या शेजारणीकडे दिसली. हामामात्सुमध्ये ब्राझीलहून आलेले जपानी वंशाचे लोक पुष्कळ आहेत. १९९० साली कायदा बदलला आणि परदेशात स्थायिक झालेल्या जपान्यांच्या नातवंडांना येथे राहून काम करण्याची मुभा मिळाली, तेव्हापासून ते कारखान्यांतून कामाला आले. ही शेजारीण तशी तिसऱ्या पिढीतील. नाव जपानी, चेहरा जपानी, मातृभाषा मात्र पोर्तुगीज. तिचे जपानी माझ्यापेक्षा दसपट चांगले. पण तिला आजवर कोणी ‘ओजोझु’ म्हटलेले नाही. एखादा शब्द अडला की समोरच्याच्या कपाळावर आठी येते. आम्ही दोघी एकत्र भाजी आणायला गेलो की माझ्या तुटक्या वाक्याला टाळ्या आणि तिच्या चांगल्या वाक्याला भुवई! एकदा ती म्हणाली, “तुमचा चेहरा मला एक दिवस उसना द्या.” मी हसले, पण तिचा चेहरा हसरा नव्हता.

कौतुकाचा आणखी एक तोटा मला जरा उशिरा कळला. कौतुक करणारा चूक दुरुस्त करत नाही. शेजारच्या तीन-चार वृद्ध स्त्रियांना मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते की, मी पुण्यात गेली अठ्ठावीस वर्षे ‘बियोइन’ चालवते. त्यांनी आदराने माना डोलावल्या, “असं का, असं का” म्हणाल्या आणि माझ्या केसांकडे पाहिले. माझे केस आपले कसेबसे अंबाड्यात कोंबलेले. मला म्हणायचे होते ‘ब्योइन’, म्हणजे रुग्णालय. (दवाखान्याला रुग्णालय म्हणणे ही तशीही अतिशयोक्तीच, पण छोट्या दवाखान्याचा शब्द मला आठवला नव्हता.) ‘बियोइन’ म्हणजे ब्युटी पार्लर. तीन आठवडे त्या गल्लीत मी पार्लरवाली बाई होते. एका आजींनी तर पावसाळी हवेत केस फार गळतात, त्यावर काय करावे, असेही विचारले. मी लोह आणि थायरॉइड तपासून घ्या म्हटले. त्या बिचाऱ्या भारतीय पार्लरच्या थोरवीने थक्क झाल्या असतील.

आता त्या रात्रीविषयी.

जावई कामासाठी टोकियोला गेले होते आणि कळा सुरू झाल्या तेव्हा शेवटची शिंकान्सेन निघून गेली होती. आम्ही दोघी टॅक्सीने प्रसूतिगृहात पोहोचलो. लेकीच्या पिशवीत तिची ‘बोशी तेच्यो’ होती. ही माता-बालकांची आरोग्यपुस्तिका. प्रत्येक गरोदर स्त्रीला ती मिळते. गर्भारपणापासून मुलाच्या लसीकरणापर्यंतच्या नोंदी एकाच वहीत. १९४२ साली गरोदर स्त्रियांसाठी सुरू झालेल्या पुस्तिकेला १९४८ मध्ये बाळाचीही नोंद जोडली गेली. आपल्याकडे फायली हरवलेल्या बायका पाहून पाहून मला त्या वहीचा हेवा वाटत आला आहे. असो.

पहिले काही तास सुरळीत गेले. लेक परिचारिकांशी सफाईने बोलत होती, दोघी-तिघींकडून ‘ओजोझु’ मिळाले. परंतु प्रसववेदना वाढू लागल्या की माणसाच्या भाषा एकेक करून गळून पडतात, हे मी माझ्या उमेदवारीच्या काळात लेबर रूममध्ये पाहिलेले आहे. शेवटी उरते ती आईची. रात्री अडीचच्या सुमारास लेकीला जोर लावण्याची अनावर ऊर्मी येऊ लागली, पण गर्भाशयाचे मुख अजून पूर्ण उघडले नव्हते. अशा वेळी जोर लावला तर बाळाचे डोके मुखाच्या कडेवर दाबले जाते, तेथे सूज येते आणि ते फाटण्याचीही भीती असते. म्हणून जोर न लावता फुंकर घातल्यासारखे श्वास सोडायचे असतात.

तरुण परिचारिका वाकून मृदू स्वरात म्हणाली, “इकिमानाइदे कुदासाइ ने.” जोर लावू नका हं. हा शब्द परीक्षेच्या कोणत्याच पातळीवर येत नसावा. ‘इकि’ म्हणजे श्वास, हे लेकीला माहीत. ‘इकिन्दे’ म्हणजे जोर लावा. आणि ‘इकिमानाइदे’ म्हणजे लावू नका. कळांच्या गदारोळात तिला ऐकू आले फक्त ‘इकि’. तिने धापा टाकत, पण स्वच्छ जपानीत विचारले, “काय म्हणालात? पुन्हा सांगता?”

येथे त्या मुलीने अगदी सद्भावनेने जे केले, ते मी विसरू शकत नाही. प्रश्न जपानीत आला होता. पण चेहरा परका होता. तिने सारा धीर एकवटून इंग्रजीत उत्तर दिले, “नो... पुश. पुश... नो.”

लेकीपर्यंत पोहोचले ते ‘पुश’. तिने सारे बळ एकवटून जोर लावला.

मी उशाशीच उभी होते. डॉक्टर म्हणून मला एका क्षणात समजायला हवे होते. पण तीन भाषांच्या मध्ये मी क्षणभर हरवले आणि तेवढ्यात दोन कळा निघून गेल्या. परिचारिका “नो, नो” म्हणत होती, लेक रडत जोर लावत होती. पडदा सारून एक वयस्क जोसान्शी, म्हणजे सुईण, आत आली. तिथल्या सुईणी शिकलेल्या आणि परवानाधारक असतात, प्रसूतिगृहात त्यांचा शब्द मोठा असतो. तिने लेकीच्या गालावर हात ठेवला, तिची नजर आपल्याकडे वळवली आणि सुटे सुटे शब्द उच्चारले. “ताकद. लावायची नाही. आता नाही. फुऽ. फुऽ. माझ्यासारखं.” सगळे जपानीत, पण पाच वर्षांच्या मुलाला सांगावे इतके सोपे. तेव्हा कुठे माझी वाचा परत आली. “जोर लावू नकोस, राणी. फुंकर घाल. चुलीला घालतात तशी.” चूल तिने जन्मात फुंकलेली नाही, पण तिने फुंकर घातली.

मुखावर थोडी सूज आलीच होती. ती उतरेपर्यंत दीड-दोन तास जास्त गेले. पहाटे पावणेसहाला नात झाली. धडधाकट, रडकी.

दुसऱ्या दिवशी ती सुईणबाई खोलीत आली. लेकीने त्या सोप्या बोलण्याबद्दल आभार मानले, तेव्हा त्या म्हणाल्या की, यात त्यांचे काही विशेष नाही. १९९५ साली कोबेच्या बाजूला मोठा भूकंप झाला. त्या वेळी तेथील परदेशी लोकांना सूचना समजल्या नाहीत. इंग्रजी भाषांतरे होती, पण सगळ्यांना इंग्रजी येत नव्हते. पुष्कळांना थोडेबहुत जपानीच येत होते. तेव्हापासून ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे सोपी जपानी, ही कल्पना पुढे आली. ‘उंचवट्यावर स्थलांतर करावे’ असे न म्हणता ‘उंच जागी पळा’ म्हणायचे. वाक्य लहान ठेवायचे, एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची. २०२० साली सरकारनेही त्याची मार्गदर्शिका काढली. ‘यासाशी’ या शब्दाचा उच्चार एकच, अर्थ दोन: सोपी आणि प्रेमळ.

“मी त्या मुलीला सांगितलं,” त्या म्हणाल्या, “बाई जपानीत विचारत होत्या ना? मग जपानीतच उत्तर द्यायचं. फक्त लहान करून.”

मग त्यांनी मला विचारले, तुम्ही काय करता? मी म्हटले, बियोइन. त्या थबकल्या. माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, “नाही.” मला इतका आनंद झाला! तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणी मला ‘नाही’ म्हटले होते. त्यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या. ‘ब्यो-ओ-इ-न’, चार टाळ्या. ‘बि-यो-ओ-इ-न’, पाच टाळ्या. आपल्या मात्रा मोजण्यासारखेच की हे! मी मराठी शाळेत शिकलेली, मला ‘चार मात्रा’ म्हटले असते तर पहिल्याच दिवशी कळले असते. लेक पडल्या पडल्या हसत होती आणि टाके दुखतात म्हणून हसू आवरत होती.

त्या बाईंशी मग वेदनांच्या शब्दांवर गप्पा झाल्या. जपानीत दुखण्याला नादाचे शब्द आहेत: ठणक्याला ‘झुकीझुकी’, टोचण्याला ‘चिकुचिकु’, भाजल्यावरच्या चरचरीला ‘हिरीहिरी’, घण घातल्यासारख्या डोकेदुखीला ‘गांगान’. परदेशी रुग्णांना हे शब्द येत नाहीत, म्हणून ते सगळ्यालाच ‘इताइ’, दुखते, म्हणतात आणि डॉक्टरची पंचाईत होते. मी म्हटले, आमच्याकडेही ठसठस, चुरचुर, झिणझिण, भणभण आहे, कळ आणि चमक वेगळी आहे. हे सांगता सांगता मी गप्प झाले. मला आमच्या सोसायटीचा रखवालदार आठवला.

तो नेपाळचा. पुण्यात वीस वर्षे काढलेला, त्यामुळे मराठी वेडेवाकडे पण जिवंत. माझ्याकडे आला की तो नेहमी मराठीत सुरुवात करायचा. मी म्हणायचे, “वा, किती छान मराठी बोलता!” आणि पुढचे सगळे हिंदीत विचारायचे. त्याला सोपे जावे म्हणून! काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो म्हणाला होता, “मॅडम, छातीत भारी भारी वाटतो, चढला की.” मी हिंदीत विचारले, “दर्द है क्या?” तो विचार करून म्हणाला, “दर्द नहीं.” खरेच दर्द नव्हते, भार होता. हृदयविकाराचे कित्येक रुग्ण दुखते म्हणतच नाहीत. जड वाटते, दडपते, आवळल्यासारखे होते, असे सांगतात. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेले आहे. त्याने मला नेमका शब्द दिला होता आणि चढण्याचा उल्लेखही केला होता. मी मात्र भाषा बदलली आणि त्या बदलात तो शब्द हरवला. दवाखान्यात गर्दी होती. मी आम्लपित्ताची गोळी दिली, ईसीजी काढला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला झटका आला. वेळेत रुग्णालयात पोहोचला म्हणून वाचला. त्याने मला कधी दोष दिला नाही, अजूनही माझ्याकडेच येतो. मी ते प्रकरण ‘गर्दीत झालेली चूक’ या कप्प्यात ठेवून दिले होते.

हामामात्सुच्या त्या खोलीत, नातीला मांडीवर घेऊन बसले असताना, तो कप्पा उघडला. ती तरुण परिचारिका आणि मी यांत फरक होता तो एवढाच की, ती पंचविशीची होती.

लाफ्काडिओ हर्न नावाचा लेखक १८९० मध्ये जपानला गेला आणि तेथेच राहिला. जपानच्या भुताखेतांच्या कथा त्याने जगाला सांगितल्या. पण त्याचे जपानी शेवटपर्यंत मोडकेच होते. त्याची पत्नी सेत्सु त्याला ज्या कथा सांगे त्या एका खास घरगुती जपानीत, प्रत्यय गाळलेल्या, क्रियापदे सरळ केलेल्या. ‘हर्नची बोली’ असेच तिला नाव पडले. त्या बोलीत ती दोघे संसार करत होती. तिने त्याचे कौतुक केले की नाही, कोण जाणे. तिने उत्तरे मात्र दिली.

परत आल्यावर दवाखाना उघडला त्या आठवड्यात रखवालदार गोळ्या घ्यायला आला. आल्या आल्या म्हणाला, “मॅडम, नमस्ते. बच्ची कैसी है?” माझ्याच सवयीने तो आता हिंदीत सुरुवात करतो. मी मराठीत उत्तर दिले, “छान आहे. तुमची तब्येत कशी आहे? चालताना दम लागतो?” हळू, सुटे सुटे. तो गोंधळला. दोन वेळा हिंदीत बोलून पाहिले, मी मराठीच सोडीना. शेवटी थोडा खट्टू होऊन त्याने विचारले, “मॅडम, मेरी हिंदी खराब है क्या?”

“नाही हो,” मी म्हटले, “माझी खराब आहे. सांगा, काय होतंय?”

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि थोडा वेळ शब्द शोधला.

“दम नाही लागतो,” तो म्हणाला. “पण रात्रीला पाय मधी मुंग्या येतो. दोन्ही नाही. डावा.”

“येतात,” मी म्हटले. “मुंग्या येतात.”

“येतात,” तो म्हणाला, आणि मी त्याला बूट काढायला सांगितले.